रेडीमेड मँगनीज फायबर: रेडियम सॅम्पलिंगवाल्यांनी घ्यावा का?

घ्या, बिनधास्त घ्या. किनाऱ्यालगतचं पाणी आत खोल समुद्रात जायला किती दिवस लागतात हे मोजायचं तर रेडियमसारखा ट्रेसर (पाण्याचा माग दाखवणारा पदार्थ) नाही, पण पाण्यात ते इतकं नगण्य असतं की शे-दोनशे लिटर पाणी गाळल्याशिवाय काही हाती लागत नाही, आणि ते पकडायला हा मँगनीज ऑक्साइडचा थर दिलेला, काळ्या कापसासारखा दिसणारा फायबर लागतोच.

आधी आम्ही लॅबमध्येच बनवायचो, ॲक्रिलिकचे तंतू गरम पोटॅशियम परमँगनेटमध्ये बुडवून. पण तापमान जरा वर गेलं की रिअ‍ॅक्शन भडकते आणि तंतूंचा चुरा होतो, वर हात, बेसिन सगळं तपकिरी. तो ताप रेडीमेडमुळे पूर्ण गेला.

काम चोख करतो. मिनिटाला साधारण 1 लिटरच्या वेगाने पाणी सोडलं आणि फायबर भरलेले दोन कार्ट्रिज (नळ्या) एकामागे एक लावले तर दुसऱ्यात जवळपास काहीच सापडत नाही, म्हणजे पहिल्यानेच सगळं धरलं. घाईने पंप वाढवलात तर मात्र रेडियम निसटणार, मग फायबरला नावं ठेवू नका.

नंतरची निगा महत्त्वाची. रेडियम नसलेल्या गोड्या पाण्याने मीठ आणि गाळ धुऊन काढा, पिळा, पण कोरडा करू नका, काउंटर मोजतो तो रेडियमपासून तयार होणारा रेडॉन वायू, आणि फायबर फार कोरडा किंवा फार ओला असला की तो तंतूतून नीट बाहेरच येत नाही आणि काउंटर कमी आकडा दाखवतो. रेडियम-224 चं अर्धायुष्य फक्त 3.66 दिवस, त्यामुळे मोजणी शक्यतो जहाजावरच उरका. 223 चं 11.4 दिवस, ते जरा दम धरतं. 224 भराभर उतरतं आणि 223 टिकून असतं, या दोघांच्या गुणोत्तरावरूनच तर पाणी किनारा सोडून किती दिवस झाले ते कळतं!

तक्रार एकच. आम्हाला आलेल्या एका पाकिटात आतले तंतू काळ्याऐवजी फिकट तपकिरी होते आणि धुताना काळी पूड सुटत होती, पूड गेली म्हणजे तिला चिकटलेलं रेडियमही गेलं. विक्रेत्याने बदलून दिलं, तरी जहाजावर चढायच्या आधी प्रत्येक पाकीट फोडून, तंतू मोकळे करून बघाच.

मोजून झालेला फायबर फेकू नका हं. त्याच तंतूंवर 5.75 वर्षं अर्धायुष्याचं रेडियम-228 असतं, ते नंतर निवांत गॅमा काउंटरवर मोजता येतं. याच 228 च्या आधारे 2008 मध्ये अटलांटिकमध्ये किती भूजल येतं याचा हिशोब मांडला गेला, तेव्हा तळातून झिरपणारं भूजल तिथे नद्यांतून येणाऱ्या पाण्याच्या 80 ते 160 टक्के निघालं.