सिंगलस्पीड टँडमवर ताई आणि मी: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

ताईला फक्त उजेड आणि अंधार कळतो. शाळेत असताना मी तिला कॅरियरवर बसवून डबलसीट न्यायचो. वारा लागला की ती खूश व्हायची, पण उतरताना हमखास म्हणायची, "दमलास ना माझ्यामुळे?" डबलसीट बसलेला माणूस सायकलवर असतो, सायकल चालवत मात्र नसतो. तिला तेच लागायचं.

नऊ महिन्यांपूर्वी आम्ही जुनी टँडम घेतली, म्हणजे एकामागे एक बसून दोघांनी पॅडल मारायची सायकल. पहिले काही आठवडे ती गिअरसकट चालवली आणि मग सगळे गिअर काढून टाकले. आता पुढे ३८ दात्यांची चकती आणि मागे १६ दात्यांचं फ्रीव्हील, एवढंच. हा निर्णय ताईचा होता. त्यामागचं कारण मला आजही या सायकलबद्दलची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते, म्हणून आधी तेच सांगतो.

ताई रस्ता पायांनी वाचते. पॅडल जड झालं की चढ, हलकं झालं की सपाटी, पायाखालून निसटायला लागलं की उतार. गिअर होते तेव्हा चढ आला की मी गिअर बदलायचो आणि पॅडल पुन्हा पहिल्यासारखं हलकं व्हायचं. म्हणजे रस्त्याने तिला धाडलेला निरोप मी वाटेतच पुसून टाकत होतो. शिवाय टँडमवर गिअर बदलताना दोघांनीही पायांचा जोर एकाच क्षणी कमी करावा लागतो, नाहीतर चेन कडाकडा वाजते. "बदलतोय" असं दर दोन मिनिटांनी ओरडून मी कंटाळलो आणि ऐकून तीही. एकच गिअर झाल्यावर तो शब्दच आमच्या बोलण्यातून गेला.

बाकीचे शब्द मात्र राहिले, आणि ते हवेतच. पुढे बसतो तो कॅप्टन, मागे बसतो तो स्टोकर. वाफेच्या इंजिनात कोळसा टाकणाऱ्याला स्टोकर म्हणत, तिथून हा शब्द आला. दृष्टिहीन खेळाडूंच्या शर्यतींत पुढच्याला पायलट म्हणतात, आणि पॅरालिम्पिकमध्ये पदक पायलटलाही मिळतं, कारण जिंकलेली असते ती जोडी. (साधी टँडम शर्यत ऑलिम्पिकमध्येही होती, १९७२ पर्यंत.) स्टोकर हे नाव ताईला पहिल्या दिवशीच आवडलं. "इंजिनात कोळसा मी टाकणार," ती म्हणाली. ओझं असण्याचा विषय त्यानंतर निघालेला नाही.

टँडमवाल्यांचा एक जुना नियम आहे: चूक झाली तर ती कॅप्टनची. ऐकायला गमतीचा वाटतो, पण त्याला पक्का आधार आहे. वळवायचं हँडल, मुख्य ब्रेक आणि समोरचा रस्ता, तिन्ही कॅप्टनकडे असतात. डोळस स्टोकरलासुद्धा समोर पुढच्याची पाठच दिसते. मी न सांगता खड्ड्यात गेलो तर तो दणका ताईला सावध नसताना बसतो, आणि दोन चाकांच्या मधोमध नसल्यामुळे मागच्या सीटवर तो जास्तच बसतो. म्हणून बोलायचं, सतत बोलायचं. आमचे शब्द ठरलेत. "सोड" म्हणजे पॅडल मारणं थांबव. "लाव" म्हणजे पुन्हा सुरू. "खड्डा" म्हटलं की ती सीटवरून किंचित उठते. "उभं" म्हणजे दोघांनी उभं राहून मारायचं. हे जमायला आम्हाला चार महिने लागले. वळण सांगताना मी नुसतं "डावं" म्हणत नाही, "डावं, लांब" किंवा "डावं, झटकन" म्हणतो, म्हणजे तिला अंगाचा तोल आधीच तयार ठेवता येतो. सगळे शब्द आखूडच हवेत. "थांबू या का आता" हे वाक्य पूर्ण होईपर्यंत दहा-पंधरा मीटर गेलेले असतात.

आता यंत्राकडे. टँडमवर दोन चेन असतात. उजवीकडची मागचं चाक फिरवते. डावीकडची, टायमिंग चेन, पुढचे आणि मागचे क्रँक, म्हणजे पॅडलचे दांडे, एकमेकांना बांधते. दोघांचे पाय एकाच वेळी वर-खाली होत असतील तर ते एका फेजमध्ये, आणि ९० अंशांचा फरक ठेवला तर फेजबाहेर. फेजबाहेर ठेवल्यावर एकाचं पॅडल वर-खाली अडकलेलं असताना दुसऱ्याचं पूर्ण जोरात असतं, त्यामुळे सुरुवात सोपी जाते. आम्ही महिनाभर तसं चालवलं, पण एकत्र उभं राहणं जमेना, म्हणून परत एका फेजमध्ये आलो. एकदा टायमिंग चेन उतरली, मी ती घाईत चढवली आणि निघालो. शंभर मीटरवर ताई म्हणाली, "माझा पाय तुझ्यापुढे आहे." उतरून मोजलं तर चेन एक दाता चुकून बसली होती. ४० दात्यांच्या चकतीवर एक दाता म्हणजे ९ अंश. मला काहीच जाणवलं नव्हतं.

सगळ्यात जास्त त्रास उजव्या चेनने दिला. सिंगलस्पीडला चेनचा ताण नेमका लागतो. मागचं चाक फ्रेमच्या ज्या खाचांत बसतं त्या आडव्या असतील तर चाक मागे ओढून ताण बसवता येतो. आमच्या फ्रेमच्या खाचा उभ्या आहेत, चाक सरकतच नाही. सुरुवातीला चेन ताणून धरणारा स्प्रिंगवाला टेन्शनर लावला. एका माणसाच्या सायकलवर तो चाललाही असता, पण दोघांनी जोर लावून निघताना चेन दात्यांवरून उडायची. तीन आठवड्यांत काढून टाकला. मग मॅजिक गिअर शोधला. म्हणजे पुढच्या-मागच्या दात्यांची अशी जोडी, जिच्यावर टेन्शनरशिवाय चेन आपोआप ताठ बसते. एक दाता कमी-जास्त केला की चाक साधारण ३ मिलिमीटर सरकवल्याइतका फरक पडतो, त्यामुळे चकत्या बदलत-बदलत उत्तर सापडतं. आमचं उत्तर ३८-१६. पण चेन झिजते, लांबते, आणि मॅजिक संपतं. दोघांच्या जोराने ती लवकर झिजते. नऊ महिन्यांत तिसरी चेन चालू आहे. उभ्या खाचांच्या टँडमला एकच गिअर करा असा सल्ला मी कुणालाही देणार नाही. आडव्या खाचांची फ्रेम मिळेपर्यंत थांबा.

३८-१६ म्हणजे सुमारे ६४ गिअर इंच. हे माप पॅडल थेट पुढच्या उंच चाकाला असलेल्या जुन्या सायकलींपासून आलं: तुमचा गिअर किती इंचांच्या पुढच्या चाकाइतका आहे, ते सांगणारं. पॅडलच्या एका फेऱ्यात आम्ही ५.१ मीटर जातो. मिनिटाला ६० फेरे मारले तर ताशी १८ किलोमीटर, ९० मारले तर २७. त्यापुढे आम्ही स्पिन आउट होतो, पाय नुसते भिरभिरतात. मग "सोड". हा हिशोब मी शेल्डन ब्राउन यांच्या लेखांतून शिकलो. १९४४ ते २००८ एवढं आयुष्य लाभलेला हा मेकॅनिक एका गिअरवर आणि टँडमवर सारख्याच प्रेमाने लिहून गेला, आणि त्याचं ऋण मला इथे मोकळेपणाने मान्य करायचं आहे.

एक गिअर म्हणजे फिक्सी, असं बरेच जण समजतात. तसं नाही. फिक्सीत चाक फिरलं की पॅडल फिरणारच, पाय थांबवता येत नाहीत. आमच्याकडे फ्रीव्हील आहे, ते थांबू देतं. टँडमवर मला ते हवंच, कारण उतारावर ही सायकल फार पळते. वजन दोन माणसांचं आणि वारा जवळपास एकाला लागेल इतकाच. लांब उतारावर नुसते रिम ब्रेक दाबून धरले तर रिम तापते, आणि फार तापली तर टायर फुटू शकतो. म्हणून मागच्या हबला वेगळा ड्रम ब्रेक आहे, ड्रॅग ब्रेक. त्याची मूठ ताईच्या हँडलवर आहे. मी "ओढ" म्हणतो, ती ओढून धरते, आणि किती ओढायचं ते वाऱ्याच्या आवाजावरून स्वतः ठरवते. आमचा उतारावरचा वेग तिच्या हातात असतो, आणि माझा त्या हातावर पूर्ण भरवसा आहे.

चढावर ही सायकल कठीण आहे, ते लपवत नाही. चढाच्या मध्यात थांबलो तर पुन्हा निघणं जवळपास अशक्य, तिथे उतरून ढकलतो. १९३७ पर्यंत टूर द फ्रान्समध्ये डिरेलर, म्हणजे चालता-चालता चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारे गिअर, चालत नव्हते. चढ आला की मागचं चाक काढून, उलटं करून दुसऱ्या बाजूच्या चकतीवर लावत. ढकलताना मला ते लोक आठवतात आणि पुढे बोलायची हिंमत होत नाही. एका गिअरवाल्यांची जागतिक स्पर्धाही असते, आणि तिच्या विजेत्याच्या अंगावर बक्षीस म्हणून गोंदतात. हे ऐकल्यापासून ताई कुठे गोंदवायचं ते ठरवते आहे.

रस्त्यावर एक वाक्य ठरलेलं: "मागची पॅडल मारतच नाहीये!" लोक प्रेमानेच म्हणतात, पण मला ते आता सहन होत नाही. दोघांचे क्रँक बांधलेले असतात, तिने जोर कमी केला की मला पावलाच्या तळव्यात लगेच कळतं. तिने कमी केलेला मला क्वचितच आठवतो. साध्या सायकलला टँडमवाले अर्धी सायकल म्हणतात. मी एकटा माझ्या जुन्या सायकलवर बसलो की हा शब्द बरोबर वाटतो.

सध्या वाद गिअरचा चालू आहे. मला चढासाठी हलका हवा. पण मॅजिक गिअर टिकवायचा तर दात्यांची बेरीज ५४ च्या आसपास ठेवावी लागते, म्हणजे मागे १७ लावायचं तर पुढे ३७. ताईला उलट हवंय: ३९-१५, जवळपास ७० इंच. "सपाटीवर पाय रिकामे जातात," ती म्हणते. ३९ ची चकती मागवली आहे.