निवडून आलेला नगरसेवक की नेमलेला प्रशासक? मत ठरवणाऱ्यांसाठी एक तुलना

जानेवारी २०२६ मध्ये राज्यातील २९ महापालिकांच्या निवडणुका झाल्या आणि आमच्या प्रभागाला जवळजवळ चार वर्षांनी पुन्हा नगरसेवक मिळाले. आमच्या परिसरातील सोसायट्यांच्या महासंघात मात्र त्याच सुमारास वेगळीच चर्चा सुरू झाली. प्रशासकाच्या, म्हणजे सभागृह नसताना त्याचेही अधिकार वापरणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याच्या, काळात पाणी आले, कचरा उचलला गेला, रस्तेही झाले; मग नगरसेवक हवेतच कशाला, आणि हवेच असतील तर त्यांना निवडून आणण्यापेक्षा जाणकार माणसे सरळ नेमावीत, अशी मागणी शासनाकडे करावी का, याबद्दल सभासदांची मते मागवली आहेत. अनेकांनी मला माझे मत विचारले, म्हणून हे लिहीत आहे. मी दोन्ही व्यवस्थांमध्ये राहिलो आहे, दोन्हींकडे अर्ज घेऊन गेलो आहे आणि या प्रश्नावर माझे मत एकदा बदललेले आहे.

मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपून प्रशासक आले, तेव्हा मला मनापासून बरे वाटले होते. त्याआधीच्या पाच वर्षांत आमच्या चौकातले पेव्हर ब्लॉक दोनदा उखडून पुन्हा बसवले गेले, आणि दोन्ही वेळा ते चांगल्या स्थितीत होते. बागेतल्या प्रत्येक बाकावर कोणाच्या प्रयत्नातून तो बसवला गेला याचा फलक होता. वाढदिवसाच्या फ्लेक्सने सिग्नल झाकला जाई. प्रशासक आल्यावर फ्लेक्स उतरले, मंडईबाहेरचे अतिक्रमण एका आठवड्यात हटले आणि अनेक वर्षे रखडलेल्या जलवाहिनीचे काम सुरू झाले. हे सगळे खरे आहे आणि नेमणुकीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी ते अवश्य सांगावे.

त्या बाजूला याहून मोठी उदाहरणेही आहेत. १९९४ च्या प्लेगनंतर सुरत शहराची जी स्वच्छता झाली, तिचे श्रेय आजही आयुक्त एस. आर. राव यांना दिले जाते. नवी मुंबईत २०१६ मध्ये नगरसेवकांनी आयुक्त तुकाराम मुंढे यांच्याविरुद्ध प्रचंड बहुमताने अविश्वास ठराव मंजूर केला, तेव्हा शहरातील बरेच नागरिक आयुक्तांच्या बाजूने उभे राहिले. कर्तबगार अधिकाऱ्याला मोकळा हात दिला तर शहर सुधारते, हा विश्वास अशा अनुभवांतून आला आहे आणि तो खोटा आहे असे मी म्हणणार नाही. माझा प्रश्न एवढाच आहे की, त्या मोकळ्या हाताने एखादे काम चुकीचे केले, तर ते होण्याआधी कोण थांबवणार?

हा प्रश्न मला पुस्तकातून पडलेला नाही, आमच्या गल्लीतल्या रस्त्याने तो माझ्यापुढे ठेवला. २०२३ च्या उन्हाळ्यात त्या रस्त्याचे काँक्रिटीकरण झाले. काम मजबूत होते, वेळेत झाले आणि त्यात कोणी पैसे खाल्ले असे म्हणण्याजोगे माझ्याकडे काहीही नाही. पण जुने डांबर खरवडून न काढता त्यावरच काँक्रीट ओतले गेले, त्यामुळे रस्ता सुमारे नऊ इंच उंच झाला. आमच्या ओळीतील जुन्या इमारतींची जोती आधीच बसकी आहेत. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पहिला मोठा पाऊस झाला आणि रस्त्यावरचे पाणी फाटकातून थेट पार्किंगमध्ये, तिथून तळमजल्यावरच्या दोन घरांत शिरले. एका घरात अंथरुणाला खिळलेल्या आजी होत्या. त्यांचा पलंग आम्ही चौघांनी उचलून जिन्याच्या चौकात नेला, तेव्हा पाणी पलंगाच्या पायांना लागलेले होते.

दुसऱ्या दिवशी क्षेत्रीय कार्यालयात गेलो. अभियंत्यांनी नीट ऐकून घेतले, पाहणीलाही आले, आणि रस्ता मंजूर आराखड्याप्रमाणेच झाल्याचे त्यांनी सांगितले. मग तो आराखडा मंजूर होताना इमारतींच्या पातळीचा विचार कोणी केला, हे विचारण्यासाठी मी माहितीच्या अधिकारात कागद मागवले. महिनाभराने जे हाती आले ते आजही माझ्या फायलीत आहे. पहिल्या पानावर कामाचा प्रस्ताव आहे आणि खाली ‘आयुक्त’ असा शिक्का व सही. दुसऱ्या पानावर स्थायी समितीच्या, म्हणजे एरवी खर्चाला मंजुरी देणाऱ्या नगरसेवकांच्या समितीच्या, अधिकारात त्याच प्रस्तावाला दिलेली मंजुरी आहे आणि खाली ‘प्रशासक’ असा शिक्का व सही. दोन्ही सह्या एकाच हाताच्या आहेत आणि दोन्हींखालची तारीखही एकच आहे. मधे कोणी एक प्रश्न विचारल्याची नोंद नाही, कारण विचारणारे कोणी नव्हतेच.

माझे मत या दोन शिक्क्यांनी बदलले, आणि ते अधिकाऱ्याच्या वागण्यामुळे बदललेले नाही हे मुद्दाम सांगतो. त्या अधिकाऱ्यांची बदली होईपर्यंत त्यांनी माझ्या प्रत्येक पत्राला उत्तर दिले. पण सुचवणारा आणि मंजूर करणारा एकच असेल, तर माणूस कितीही सज्जन असला तरी त्याला न दिसलेली गोष्ट त्या कागदावर येण्याची वाटच उरत नाही. पार्किंगमध्ये पाणी येईल हे मंत्रालयात किंवा मुख्य इमारतीत बसून दिसत नाही. ते तळमजल्यावर राहणाऱ्याला दिसते, आणि त्याला कोणाला तरी सकाळी रस्त्यात अडवून सांगता आले पाहिजे.

याच्या आधीच्या सभागृहात, २०१९ मध्ये, मागच्या गल्लीच्या रस्त्याचा विषय असाच आला होता. ती चर्चा मी स्वतः प्रेक्षक गॅलरीत बसून ऐकली, कारण आम्हा काही रहिवाशांना त्यात रस होता. सत्ताधारी पक्षाला विषय लवकर संपवायचा होता. विरोधी बाकावरच्या एका नगरसेविकेने उठून विचारले की जुना थर काढणार आहात का, आणि उत्तर मिळेपर्यंत त्या खाली बसल्या नाहीत. अभियंत्यांना जागेवर खुलासा करावा लागला आणि ‘आधीचा थर खरवडून’ हे तीन शब्द ठरावात वाढवले गेले. त्या नगरसेविकेचे शिक्षण दहावीपर्यंत झाले होते आणि रस्तेबांधणीतले त्यांना फार कळत होते असे मला वाटत नाही. त्या आठवड्यात गल्लीतल्या बायकांनी त्यांना भाजीच्या गाडीजवळ गाठले होते, एवढेच. त्या गल्लीत २०२३ च्या पावसात पाणी शिरले नाही. एका रस्त्यावरून सिद्धांत मांडता येत नाही हे मला मान्य आहे, पण माझ्यापुरती ती तुलना पुरेशी ठरली.

हाच प्रकार मोठ्या आकड्यांत पाहायचा असेल तर मुंबईकडे पाहावे. तिथल्या सभागृहाची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली. त्यानंतरचे अर्थसंकल्प आयुक्तांनी तयार केले आणि प्रशासक म्हणून त्यांनीच स्वीकारले. २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता. एवढ्या रकमेवर २२७ प्रभागांतून आलेल्या एकाही माणसाने सभागृहात उभे राहून आक्षेप घेतला नाही, कारण सभागृहच नव्हते. तो पैसा वाईट रीतीने खर्च झाला असे माझे म्हणणे नाही. खर्च होण्याआधी त्यावर बोलण्याची जागाच बंद होती, हे म्हणणे आहे.

आता कायद्याची एक बाजू, कारण आमच्या महासंघातील मागणी नेमकी कशाची आहे हे अनेकांच्या लक्षात आलेले नाही. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीपूर्वी राज्य सरकारे नगरपालिका बरखास्त करून वर्षानुवर्षे प्रशासक ठेवू शकत होती, आणि ठेवतही होती. म्हणूनच कलम २४३-यू मध्ये पाच वर्षांची मुदत घालून ती संपण्याआधी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे असे लिहिले गेले. प्रभागांतील जागा थेट निवडणुकीनेच भरायच्या, हेही घटनेतच आहे. तेव्हा नगरसेवक नेमावेत ही मागणी शासन एका आदेशाने पूर्ण करू शकत नाही. प्रत्यक्षात नेमणूक येते ती निवडणूक लांबवून. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचना यांचे वाद न्यायालयात गेले, ते वाद महत्त्वाचेही होते, पण त्या काळात शहरे प्रशासकांकडे राहिली आणि अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घेण्याचे आदेश द्यावे लागले. त्यामुळे आपल्यापुढचा खरा प्रश्न असा आहे की, पुढच्या वेळी निवडणूक लांबली तर आपण गप्प बसायचे की नाही. मी गेल्या खेपेला गप्प बसलो होतो, कारण फ्लेक्स उतरले होते.

राहिला तज्ज्ञ नेमण्याचा पर्याय. तो वरकरणी सर्वांत आकर्षक आहे आणि थोड्या प्रमाणात आजही अस्तित्वात आहे. स्वीकृत नगरसेवक म्हणजे तेच. पालिका कारभाराचे विशेष ज्ञान किंवा अनुभव असलेल्यांना सभागृहात घ्यावे, ते बोलतील पण मतदान करणार नाहीत, अशी ही घटनात्मक व्यवस्था आहे. व्यवहारात या जागा पक्षांच्या संख्याबळाप्रमाणे वाटल्या जातात आणि पक्ष आपली माणसे सुचवतात. मी ज्या स्वीकृत सदस्यांना ओळखतो त्यांत एक डॉक्टर खरोखर उपयोगी होते, पण बाकीच्यांची निवड ज्ञानामुळे झाली असे मला दिसले नाही. तेव्हा नेमणूक केली की राजकारण टळते, हे मला पटलेले नाही. ते मतपेटीसमोरून उठून बंद दाराआड जाते, आणि तिथे आपल्याला प्रवेश नसतो.

येथे एक आक्षेप मी स्वतःवरच घेतो, कारण तो टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. महात्मा जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सदस्य होते. व्हाइसरॉय लिटन यांच्या पुणे भेटीसाठी एक हजार रुपये खर्च करण्याचा विषय आला, तेव्हा ३२ नियुक्त सदस्यांपैकी विरोधात मत देणारे ते एकटेच होते. नेमलेला माणूस स्वतंत्र असू शकतो याचा यापेक्षा चांगला दाखला मला ठाऊक नाही. पण त्याच प्रसंगात बाकीचे एकतीस जणही आहेत. ज्याने नेमले त्याच्या स्वागताचा खर्च नाकारण्याइतके धैर्य फुल्यांकडे होते. व्यवस्था उभी करताना आपल्याला त्या एकतीस जणांचा विचार करावा लागतो.

आणखी एक गोष्ट चर्चेत पटकन मागे पडते. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांतील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत, आणि अनुसूचित जाती, जमाती व मागासवर्ग यांच्या जागा वेगळ्या ठरतात. आमच्या महासंघाने जाणकार व्यक्तींची जी नमुना यादी केली, तिच्यात निवृत्त अभियंते, वकील, सनदी लेखापाल होते. सगळी चांगली माणसे आहेत. त्या यादीत स्त्रिया दोन होत्या आणि नाल्यापलीकडच्या वस्तीतले कोणीही नव्हते, जिथे सार्वजनिक नळाला पाणी पहाटे येते आणि जिथली तक्रार आमच्यापैकी कोणाला कधी सुचणारच नाही.

निवडणुकीच्या बाजूचे दोष मी झाकत नाही. मुंबई सोडल्यास बहुतेक महापालिकांत चार सदस्यांचा प्रभाग आहे, आणि त्यामुळे जबाबदारी पातळ होते. ड्रेनेजचे काम एकाला सांगितले की ते दुसऱ्याकडे असल्याचे उत्तर येते, हा अनुभव आम्ही २०१७ नंतर सतत घेतला. एक प्रभाग आणि एक नगरसेवक असता तर माझे पारडे याहून निःसंकोच झुकले असते. खर्चिक निवडणूक, ठेकेदारांशी जवळीक, प्रभागाच्या निधीतून दिसणाऱ्या कामांवर भर, हे सगळे आहे आणि लवकर जाईल अशी आशा मला नाही. ज्या शहरात आग लागल्यासारखी परिस्थिती असेल, तिथे काही महिन्यांसाठी एक सक्षम अधिकारी कदाचित अधिक उपयोगी पडेल. तुमचा अनुभव माझ्यापेक्षा वेगळा असेल तर त्याला वजन द्यावे.

तरी मतपत्रिकेवर मी नेमणुकीच्या मागणीला नकार लिहिणार आहे आणि त्याऐवजी एक दुसरी मागणी सुचवणार आहे. क्षेत्रसभेची तरतूद आपल्या कायद्यात २००९ पासून आहे. नगरसेवकाने आपल्या भागातील मतदारांना बोलावून कामे त्यांच्यापुढे मांडावीत असा तिचा हेतू आहे, आणि आमच्याकडे ती एकदाही भरलेली नाही. ती भरावी असे पत्र नव्या चारही नगरसेवकांना द्यावे, आणि पुढच्या निवडणुकीत त्याचा हिशेब मागावा. प्रशासकाकडे हीच मागणी मी २०२४ मध्ये केली होती, तेव्हा सभा बोलावणारा सदस्यच नसल्याचे उत्तर आले होते, आणि ते उत्तर नियमाप्रमाणे बरोबर होते.

गेल्या आठवड्यात बाजूच्या गल्लीच्या काँक्रिटीकरणाचा विषय पुन्हा निघाला. चार नगरसेवकांपैकी एकाचा मला फोन आला; ते मोजपट्टी घेऊन आले नाहीत, त्यांनी एवढेच विचारले की तुमच्याकडे २०२३ ला पाणी कुठपर्यंत आले होते. आजींच्या घराच्या भिंतीवर ती रेघ अजून आहे. तिचे छायाचित्र आणि दोन शिक्क्यांचे ते दोन कागद मी त्यांना पाठवले आहेत, आणि विषय सभेपुढे येईल त्या दिवशी गॅलरीत जाऊन बसणार आहे.