युनियनची पावती फाडून नऊ महिने झाले, जसा आलाय तसा अनुभव

कोकणात लोट्याच्या एमआयडीसीत केमिकल कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर आहे, सहा वर्षं झाली. गेल्या श्रावणात युनियनची पावती फाडली, म्हणजे मेंबर झालो, महिना पन्नास रुपये. आजकाल युनियन लागते का असं बरेच जण विचारतात म्हणून लिहितोय, नावं कुणाचीच घेणार नाही, तिथंच रोज पंच करायचंय.

घरातून विरोधच होता. बाबा लालबागला गिरणीत होते, १८ जानेवारी १९८२ ला संपात बाहेर पडले ते पुन्हा साच्यावर गेलेच नाहीत. अडीच लाखाच्या आसपास कामगार होते त्यात, आपल्याकडचे तर किती, पुढारी डॉक्टर दत्ता सामंत पण मालवणजवळच्या देवबागचेच. एरवी मुंबईहून गावाला मनिऑर्डर यायची, त्या वर्षी आजीनं गावाहून तांदूळ पाठवले. त्यामुळे बाबांना युनियन म्हटलं की तांदूळच आठवतात, आणि त्यांचं चुकतं असंही नाही.

मी गेलो ते पीएफसाठी. स्लिपवर १२ टक्के कापलेले दिसायचे आणि मोबाईलवर पासबुक उघडलं तर पाच महिने एन्ट्रीच नाही. एकट्यानं विचारायची सोय नाही, आधी एकानं विचारलं होतं त्याला ठेकेदारानं दुसऱ्या दिवसापासून बोलावलंच नाही. युनियनच्या खोलीत एक रिटायर्ड काका बसतात, त्यांनी सगळ्यांच्या स्लिपा टेबलावर पसरल्या, पेन्सिलनं खुणा केल्या आणि म्हणाले, "ठेकेदाराला कशाला लिहिता रे, त्यानं नाही भरला तर मूळ कंपनीला भरावा लागतो, तिकडेच लिहा." अर्जावर तेवीस सह्या, त्या पण गोल काढायला लावल्या म्हणजे पहिली कोणाची ते कळू नये. दसऱ्याच्या आधी पाचही एन्ट्र्या एकदम पडल्या. संप नाही, घोषणा नाही, काही नाही. पन्नास रुपये तिथेच वसूल.

पण आता दुसरी बाजू. ओव्हरटाईमला डबल रेट हे १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टपासून आहे, त्यात दिवसाला नऊ किंवा आठवड्याला ४८ तासांच्या वर गेलं की डबल असं होतं, आम्हाला सिंगलच मिळतो. हे काढलं की उत्तर एकच, आधी पर्मनंटवाल्यांचं ॲग्रीमेंट होऊ दे मग बघू. गेट मीटिंगला ते खुर्चीवर आणि आम्ही बाईक स्टँडला टेकून उभे. कमिटीत कॉन्ट्रॅक्टचा एक माणूस नाही, आणि आता प्लँटमध्ये अर्ध्याहून जास्त आम्हीच आहोत! ग्रॅच्युइटीचं, म्हणजे पाच वर्षं भरली की नोकरी सोडताना मिळतात त्या पैशांचं पण तेच, ठेकेदार मधेच फर्मचं नाव बदलतो, माणूस तोच, गाडी तीच, फक्त स्लिपवरचं नाव नवीन आणि म्हणे तुमची पाच वर्षं परत पहिल्यापासून. यावर युनियनवाले नुसते हसले, ते मला अजून लागलंय.

नोव्हेंबर २०२५ ला नवीन लेबर कोड, म्हणजे कामगार कायदे लागू झाले तेव्हा मात्र युनियनवाले कामाला आले. व्हॉट्सॲपवर फिरत होतं की सगळ्यांना एका वर्षात ग्रॅच्युइटी, काकांनी नीट समजावलं की ते फिक्स्ड टर्मवर, म्हणजे ठरलेल्या मुदतीसाठी घेतलेल्यांना आहे, तुमची नेमणुकीची ऑर्डर आधी बघा. आमच्या ऑर्डरवर तसं काहीच लिहिलेलं नव्हतं. आणि आता संपाला १४ दिवस आधी नोटीस लागते हेही तिथंच कळलं, बाबांना सांगितलं तर म्हणाले मग तो संप कसला.

स्टार द्यायचे तर साडेतीन. गरज आहे का तर आहे, पण ज्याला सगळ्यात जास्त आहे त्यालाच ते बाईक स्टँडला उभं करतात.

पावती पुढं चालू ठेवलीय. होळीपासून घरच्या कॅलेंडरवर लाल पेनानं ओव्हरटाईमचे तास लिहितोय, बायको म्हणते दूधवाल्याचा हिशोब कुठे लिहू. काका म्हणालेत तीन महिन्यांचं घेऊन ये, मग बोलू. मे अखेर भरतील.