चुंबकाने बदलता येणारा शंट: हंटर असलेल्या मुलाच्या डोक्यात सव्वा वर्ष

आमच्या मुलाच्या उजव्या कानामागे, कातडीखाली, सव्वा वर्षापूर्वी एक व्हॉल्व्ह बसवला. मेंदूतल्या पोकळीत एक बारीक नळी, तिच्या पुढे हा व्हॉल्व्ह आणि तिथून मानेतून, छातीवरून कातडीखालून पोटात गेलेली दुसरी नळी. या सगळ्याला मिळून शंट म्हणतात. डोक्यात साठणारं पाणी पोटात उतरवायचं, एवढंच त्याचं काम. आमचा व्हॉल्व्ह प्रोग्रामेबल आहे. किती दाबाला तो उघडायचा हे डॉक्टर बाहेरून चुंबकाने बदलतात, कातडी उघडावी लागत नाही. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. माझ्याकडे एकाच मुलाचा अनुभव आहे आणि मला सांगायचंय ते या प्रकारच्या व्हॉल्व्हबद्दल, तेही आमच्यासारख्या मुलांच्या बाबतीत.

मुलगा सात वर्षांचा आहे. त्याला हंटर सिंड्रोम आहे, म्हणजे एमपीएस (म्युकोपॉलिसॅकॅरिडोसिस) टाइप 2. शरीरातल्या लांब साखळ्यांच्या शर्करा तोडणारं एक एन्झाइम त्याच्याकडे नाही, म्हणून त्या शर्करा साठत जातात. यकृतात, प्लीहेत, सांध्यांत, हृदयाच्या झडपांत, श्वासनलिकेत. मेंदूच्या आवरणांतही. हे शेवटचं आम्हाला फार उशिरा नीट कळलं. मेंदूच्या पोकळ्यांत रोज नवं पाणी तयार होतं, मोठ्या माणसात दिवसाला जवळजवळ अर्धा लिटर. तेवढंच पाणी मेंदूभोवती फिरून आवरणांमधल्या बारीक वाटांनी रक्तात परत जातं. आवरणं जाड झाली, की या वाटा चोंदतात. मध्ये कुठे अडथळा नसतो, निचराच मंदावतो. पाणी हळूहळू तुंबतं आणि पोकळ्या ताणत जातात.

हळूहळू हा शब्द लक्षात ठेवा, सगळा घोळ तिथेच होतो. डोक्यात पाणी झालेल्या बाळाचं जे वर्णन सगळीकडे असतं, उलट्या, फुगलेली टाळू, खाली वळलेले डोळे, त्यातलं एकही लक्षण आमच्याकडे नव्हतं. डोकं मोठं होतं, पण हंटरच्या मुलांचं डोकं मोठंच असतं. चालणं बिघडलं, ते सांध्यांमुळे म्हणायचं. शब्द गेले, ते आजारामुळे. रात्री तीन-तीन वेळा उठून तो तळहाताने कपाळ बडवायचा, ते वागणुकीत धरलं गेलं. दोन वर्षांत तीन एमआरआय झाले आणि तिन्ही अहवालांत पोकळ्या मोठ्या झाल्याचं लिहिलं होतं, प्रत्येक वेळी आधीपेक्षा जास्त. तरी निर्णय होईना, कारण मेंदू आटला तरी पोकळ्या मोठ्याच दिसतात. भरायला पेशी नसल्या की ती जागा पाणी घेतं, पण त्या पाण्याला दाब नसतो. तिथे शंट घालून उपयोग नाही, उलट नुकसान होऊ शकतं. चित्र एकच, कारणं दोन.

या अनिश्चिततेत आमचं दीड वर्ष गेलं. मला राग येतो तो त्याचाच. त्या काळात मी एक वही ठेवली होती. त्याचे शब्द मोजायचे. 23 होते, ते नऊवर आले. जिन्याच्या पायऱ्या मोजायच्या. बारा चढायचा, मग कठड्याला धरून पाच, मग पहिल्या पायरीपाशी उभं राहून माझ्याकडे बघायचा. एका तपासणीला वही पुढे केली तेव्हा मला सांगण्यात आलं, की या आजारात हे असंच होत जातं. असेलही. पण दाब मोजून तर बघा, एवढंच माझं म्हणणं होतं.

शेवटी दुसऱ्या एका न्यूरोसर्जननी दाब मोजायचं ठरवलं. कमरेच्या मणक्यातून सुई घालून पाण्याचा दाब बघतात. हे साधं काम आमच्या मुलांच्या बाबतीत साधं नसतं, कारण त्यांना भूल देणं हाच मोठा धोका. जीभ मोठी, मान आखूड, श्वासनलिका अरुंद, नळी घालायला कठीण. म्हणून एकाच भुलेत एमआरआय, मणक्यातला दाब आणि कानांतल्या पाण्यासाठी पडद्यात छोट्या नळ्या बसवणं असं सगळं उरकलं. तुम्हीही हे मागून घ्या, भूल जितक्या कमी वेळा तितकं बरं. दाब आला 34 सेंटिमीटर (हा दाब पाण्याच्या उंचीत मोजतात). मुलांमध्ये साधारण 28 च्या वर गेला की जास्त मानतात. भुलेमुळेही आकडा थोडा वर-खाली होतो, म्हणून डॉक्टरांनी त्या एका आकड्यावर काहीच ठरवलं नाही. तीन एमआरआय शेजारी शेजारी लावले, माझी वही पूर्ण वाचली आणि मग म्हणाले, "आई, यातलं किती पाण्यामुळे आणि किती आजारामुळे, ते पाणी काढल्याशिवाय कळणार नाही."

मग प्रश्न आला व्हॉल्व्हचा. ठरलेल्या दाबाचा साधा व्हॉल्व्ह स्वस्त असतो, त्यात बिघडण्यासारखं कमी असतं आणि पुष्कळ मुलं त्यावर उत्तम राहतात. प्रोग्रामेबल सगळ्यांसाठी चांगलाच, असं मी म्हणणार नाही. पण आमच्या मुलासाठी योग्य दाब कोणता, हे कुणालाच आधी माहीत नव्हतं. ज्याचा मेंदू थोडा आटलाय आणि थोडा दाबलाही गेलाय, त्याला नेमका किती निचरा हवा हे मोजून सांगता येत नाही, ते शोधत जावं लागतं. साध्या व्हॉल्व्हमध्ये शोधायचं म्हणजे दर वेळी नवी शस्त्रक्रिया, म्हणजे नवी भूल. मला निर्णयाला एवढंच कारण पुरलं.

आमच्या व्हॉल्व्हला आठ पायऱ्या आहेत. आकडा मोठा, तेवढा निचरा कमी. आठवर तो जवळजवळ बंद असतो. सुरुवात मुद्दाम पाचवर केली. वर्षानुवर्षं ताणलेल्या पोकळ्या एकदम रिकाम्या झाल्या, तर मेंदू आत ओढला जातो आणि कवटीखालच्या शिरा ताणून फुटू शकतात. पहिले तीन आठवडे काहीच फरक नव्हता. मी खचले होते, खोटं कशाला बोलू. मग चार केला. बदलायला एक मिनिटही लागलं नाही. डॉक्टरांनी कानामागे उपकरण टेकवलं, फिरवलं, आकडा वाचला, मुलगा माझ्या मांडीवरून उठलासुद्धा नाही. सहाव्या आठवड्यात तीन केला आणि त्यानंतर पाचव्या रात्री तो सलग सात तास झोपला. मी दोनदा उठून त्याचा श्वास बघून आले.

पुढच्या महिन्यात कपाळ बडवणं थांबलं. चेहऱ्याकडे बघून ऐकायला लागला. ताईच्या हाताला धरून चार पायऱ्या चढला, मग आठ.

हे बघून आम्हाला वाटलं, आणखी खाली गेलो तर आणखी सुधारेल. दोन केला. हे आमचंच घाईचं मागणं होतं आणि डॉक्टरांनी आधी नको म्हटलं होतं, तेही सांगते. आठवड्याभरात तो दिवसा आडवा पडायला लागला. उठवून बसवलं की रडायचा, झोपवलं की शांत. उभं राहिल्यावर दुखणं आणि आडवं झाल्यावर थांबणं ही पाणी जास्त निघत असल्याची खूण आहे. त्याला बोलून सांगता येत नाही, म्हणून मी ती त्याच्या अंगावरून वाचली. सीटी स्कॅनमध्ये मेंदू आणि कवटी यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर दिसला. व्हॉल्व्ह चारवर नेला. सहा आठवड्यांत थर जिरला आणि मग पुन्हा तीन. या सगळ्यात एकही टाका पडला नाही, एकदाही भूल लागली नाही. साधा व्हॉल्व्ह असता तर तेव्हा पुन्हा ऑपरेशन टेबल होतं. माझ्या परीक्षणाचा खरा मुद्दा हाच.

आता त्रास. चुंबक! व्हॉल्व्ह चुंबकाने बदलतो, म्हणजे घरातल्या चुंबकांकडे लक्ष ठेवावं लागतं. नव्या प्रकारांत आकडा आपोआप सरकू नये म्हणून आत अडकण असते, आमच्यातही आहे, आणि एमआरआयनंतरही तो बहुधा जागेवर राहतो. तरीही चुंबकी वस्तू व्हॉल्व्हपासून काही सेंटिमीटर लांब ठेवायला सांगतात. आमच्या मुलाला टॅब्लेट कानाला लावून गाणी ऐकायची सवय, आणि त्याच्या कव्हरला चुंबक! ते कव्हर आणि चुंबकी अक्षरं त्याच दिवशी गेली. श्रवणयंत्राचं आधी विचारा. हंटरच्या मुलांना ती बहुतेक लागतातच, आणि हाडातून ऐकवणाऱ्या काही यंत्रांत चुंबक असतो. आमची साधी कानातली यंत्रं चालली.

एमआरआयनंतर आकडा वाचून घ्यायचाच, हा नियम आहे. एका रुग्णालयात एमआरआय झाला आणि आमच्या व्हॉल्व्हचा आकडा वाचायचं उपकरण तिथे नव्हतं, हे नंतर कळलं. प्रत्येक प्रकाराचं उपकरण वेगळं. शेवटी एका कोनातून एक्स-रे काढून त्यावरून आकडा ओळखला. भुलेतून नुकताच जागा झालेला मुलगा घेऊन आम्ही चार तास बाकावर बसून होतो. एमआरआयची तारीख घेतानाच उपकरण आहे का ते विचारा, आणि व्हॉल्व्हचं कार्ड नेहमी पिशवीत ठेवा. त्यावर प्रकार लिहिलेला असतो, मी त्याच्या मागे चालू आकडा आणि तारीख पेन्सिलीने लिहिते.

पोटाकडच्या टोकाचाही त्रास झाला. आमच्या मुलांना बेंबीचे आणि जांघेचे हर्निया बऱ्याचदा असतात. शंटचं पाणी पोटात यायला लागल्यावर त्याच्या जांघेत पुन्हा सूज आली, वृषणाभोवती पाणी साठलं. घाबरून गेलो होतो, कारण असं होऊ शकतं हे कागदपत्रांत कुठेच नव्हतं. व्हॉल्व्हसोबतची पुस्तिका एकूणच पालकांसाठी लिहिलेली नाही. सर्जनसाठीच्या तांत्रिक सूचना आणि शेवटी पानभर इशारे. ताप, पोटदुखी, नळीच्या वाटेवर लाली, नेहमीपेक्षा जास्त झोप, ही लक्षणं दिसली तर थांबायचं नाही, एवढं तरी पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत हवं. लहान मुलांत शंट बिघडण्याचं प्रमाण पहिल्या वर्षातच 30 ते 40 टक्क्यांपर्यंत जातं आणि प्रोग्रामेबल असल्याने ते टळत नाही. नळी चोंदते, सरकते, जंतू शिरतात. आमचं पहिलं वर्ष निभावलं. आमच्या नळ्या प्रतिजैविक मुरवलेल्या होत्या. ही निवड डॉक्टरांची, पण तुम्ही आवर्जून विचारा.

काय झालं नाही, तेही लिहायला हवं. शब्द परत आले नाहीत. नऊचे अकरा झाले, तिथेच आहेत. दर आठवड्याला शिरेतून जाणारं एन्झाइम यकृत लहान करतं, श्वास सुधारतं, पण रक्तातून मेंदूत शिरत नाही. मेंदूपर्यंत पोचणारी एन्झाइमं जपानमध्ये 2021 मध्ये मंजूर झाली, त्या बातम्या मी जपून ठेवते. शंट पाणी काढतो. साठलेल्या शर्करांना तो हात लावत नाही, आणि तसं वचन त्याने कधी दिलंही नव्हतं.

इतर आजारांच्या पालकांनी माझं हे वाचून थेट शंट मागू नये. सॅनफिलिपोत (एमपीएस टाइप 3) पोकळ्या मोठ्या दिसतात त्या बऱ्याचदा मेंदू आटल्यामुळे. ग्लुटारिक अॅसिडुरिया टाइप 1 या चयापचयाच्या आजारात कपाळाच्या आणि कानाच्या बाजूचा मेंदू पुरता वाढलेला नसतो, तिथलं पाणी दाबाखाली नसतं आणि कवटीखाली रक्त साठण्याची भीती आधीच असते. हर्लरमध्ये (एमपीएस टाइप 1) मात्र आमच्यासारखंच तुंबतं, आणि तिथे बुबुळ धूसर असल्याने डोळ्याच्या पडद्यावरून दाब ओळखायचा मार्गही अवघड होतो. दाब मोजा, जुने स्कॅन शेजारी लावा, वही ठेवा.

1956 मध्ये जॉन होल्टर नावाच्या, यंत्रांचं काम करणाऱ्या एका बापाने, आपल्या मुलाच्या डोक्यातल्या पाण्यासाठी सिलिकॉनचा व्हॉल्व्ह बनवला. आज कानामागे बोट ठेवून तो उंचवटा चाचपताना मला दर वेळी तो बाप आठवतो.

पाचपैकी चार तारे. एक कापला पुस्तिकेसाठी आणि प्रत्येक प्रकाराला वेगळ्या लागणाऱ्या उपकरणासाठी.

सध्या आकडा तीन आहे. काल मुलगा बारावी पायरी चढला आणि वर उभा राहून आजीला हाक मारली. ती अकरा शब्दांतलीच एक.