आकाशदर्शनाचे पॉडकास्ट: माळावर कोणता, घरी कोणता?

दुर्बिणीशेजारी अंधारात ऐकायचा कार्यक्रम वेगळा आणि घरी निवांत ऐकायचा वेगळा. पुढचे चारही इंग्रजीत आहेत आणि फुकट आहेत.

'स्टारडेट' टेक्सासच्या मॅकडोनाल्ड वेधशाळेचा. १९७८ पासून चालू, रोज दोनच मिनिटं. उच्चार पकडता आले नाहीत तर संकेतस्थळावर मजकूर वाचता येतो. अडचण चंद्राची. टेक्सास आपल्या साडेअकरा तास मागे (त्यांच्या उन्हाळ्यात साडेदहा) आणि चंद्र ताऱ्यांमधून तासाला सुमारे अर्धा अंश पूर्वेकडे सरकतो. 'आज संध्याकाळी चंद्र रोहिणीला खेटून' असं ऐकून लातुरात त्याच संध्याकाळी पाहिलं, तर चंद्र पाच-सहा अंश अलीकडे, पश्चिमेला असतो. दुसऱ्या संध्याकाळी साधारण तेवढाच पुढे गेलेला. हात लांब करून धरलेली मधली तीन बोटं म्हणजे ५ अंश, त्यावरून अंदाज घ्या. ग्रहांना ही दुरुस्ती लागत नाही.

'स्काय टूर' हा 'स्काय अँड टेलिस्कोप' मासिकाचा, महिन्याला एक भाग. तो ताऱ्यावरून ताऱ्यावर बोट धरून नेतो, म्हणून नवख्याने माळावर हाच लावावा. फक्त तो ४० अंश उत्तर अक्षांशाच्या आसपासचं आकाश धरून बोलतो आणि लातूर आहे १८.४ अंशांवर. ध्रुवतारा आपल्याकडे क्षितिजापासून जेमतेम १८ अंश वर. उलट दक्षिणेचं सगळं त्यांच्यापेक्षा २१-२२ अंश उंच. ४० अंशांवर अगस्त्य उगवतच नाही, लातुरात तो १९ अंशांपर्यंत चढतो. ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ मेच्या मध्यावर रात्री दहाच्या सुमारास दक्षिणेला २४ अंश उंच असतो, साध्या १०×५० (दहापट, ५० मिमी भिंग) द्विनेत्रीत धुरकट गोळा दिसतो. अशा गोष्टींसाठी नकाशा जवळ हवाच.

समजून घ्यायचं असेल तर 'अ‍ॅस्ट्रॉनॉमी कास्ट': २००६ पासून फ्रेझर केन विचारतात, पामेला गे उत्तर देतात, अर्ध्या तासात एकच विषय. जुलै-ऑगस्टात त्यांची सहसा सुट्टी असते, नेमकं आपलं आभाळ भरलेलं असतं तेव्हा. पण जुने भाग शेकड्यांनी आहेत. हिंगोलीत औंढ्याजवळ लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेच्या ४-४ किलोमीटरच्या भुजा होणार आहेत, तर त्याच लहरींपासून सुरुवात करावी.

'प्लॅनेटरी रेडिओ' २००२ पासूनचा, मोहिमांवरच्या लांब मुलाखतींचा. यानांची आवड असेल तरच. आज रात्री काय बघायचं ते त्यातून फारसं हाती लागत नाही.

शिवारात रेंजचा भरवसा नाही, म्हणून भाग घरूनच उतरवून न्या. १२८ केबीपीएसच्या अर्ध्या तासाला साधारण २९ एमबी लागतात. यूट्यूबवर लावू नका: पैसे न भरता स्क्रीन बंद केली की आवाज थांबतो, आणि चालू ठेवली की अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं घेतलेले डोळे पुन्हा दिपतात. पॉडकास्टच्या अ‍ॅपवर वेग ०.८ ठेवून भाग सुरू करा, स्क्रीन बंद करा, फोन खिशात टाका. इयरफोन एकाच कानात. माळावर दुसरा कान मोकळा असलेला बरा.