वाटपाचा दावा: वकील तालुक्याचा बघावा की कोल्हापूरचा?

समजा, वडिलोपार्जित जमीन गडहिंग्लज तालुक्यात आहे, सातबाऱ्यावर चुलत्यांची नावं लागलीत आणि तुम्हाला वाटपाचा दावा लावायचाय. पाहुणे सांगणार, "कोल्हापूरचाच मोठा वकील धर." पण जमिनीचा दावा जमीन असेल तिथल्याच कोर्टात चालतो. कोल्हापुरातल्या कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात ज्यांचा दिवस जातो, ते दर तारखेला गडहिंग्लजला येणार का? बहुतेक वेळा ज्युनिअर येतो आणि पुढची तारीख घेऊन जातो.

तालुक्याच्या वकिलाचा खरा उपयोग इथंच. जुने फेरफार, वारसनोंदी, मोजणीचा नकाशा ही कागदं कुठल्या टेबलावर अडतात ते त्याला माहीत असतं. साक्षीदार त्या दिवशी आला नाही, तर फोन लावून बोलावून घेतो. खोट एकच: तालुका लहान. तुमच्या चुलत्यांचं एखादं खरेदीखत त्यानंच केलेलं असू शकतं. वकीलपत्रावर सही करण्याआधी हे तोंडावर विचारा, त्यात भीड नको.

कोल्हापूरचा वकील कधी घ्यावा? जमीन करवीर, म्हणजे कोल्हापूर शहराच्याच तालुक्यात असेल तर प्रश्नच नाही. मृत्युपत्राचा वाद असेल किंवा जमीन मध्येच तिसऱ्याला विकली गेली असेल, तरीही अनुभवी माणूस हवा. परवडत असेल तर माझा कौल दोघांना: रोजचं काम तालुक्याच्या वकिलाकडं, आणि निशाणी ५ च्या मनाई अर्जाचा (निकाल लागेपर्यंत जमीन विकू नये म्हणून करायचा अर्ज) युक्तिवाद व उलटतपास कोल्हापूरच्या सीनिअरकडं. मनाई हुकूम हुकला आणि तेवढ्यात जमीन विकली गेली, तर दावा लांबतो.

हायकोर्टाच्या वकिलाची आत्ता घाई नको. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई हायकोर्टाचंच सर्किट बेंच सुरू झाल्यामुळं आपल्यासह सहा जिल्ह्यांची मुंबईवारी वाचली, हे खरं. पण तो टप्पा अपिलाचा.

नाव ऐकून भुलू नका, कोर्टांच्या ई-कोर्ट्स वेबसाइटवर वकिलाचं नाव टाकून बघा. कुठल्या कोर्टात त्याचे किती दावे आहेत, पुढच्या तारखा काय, सगळं दिसतं. वाटपाचे दावे एकही नसतील आणि सगळी चेक बाउन्सची प्रकरणं असतील, तर पुढचा दरवाजा ठोठवा. इंटरनेटवरच्या 'टॉप टेन वकील' याद्या तर सोडूनच द्या; वकिलांना जाहिरात करायलाच बंदी आहे.

फी ठोक की तारखेवर, हे आधी ठरवा आणि पावती मागा. "जिंकलास की चार गुंठे मला" असं म्हणणाऱ्याकडं थांबूच नका, तसा करार वकिलाला करता येत नाही.

हिस्सा बहीण मागणार असेल, तर आधी विधी सेवा प्राधिकरणाकडं जावं. बाईमाणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, अनुसूचित जाती-जमातींनाही. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते, अर्ज तिथं द्यायचा. फुकटचा वकील लक्ष देत नाही असं सरसकट बोललं जातं. पण पैसे मोजलेले वकील तरी प्रत्येक तारखेला कुठं उभे असतात?