विटांचा साचा, आठ महिन्यांनंतर: सगळं ठीक, पण ती सतरावी वीट!

परवा साचा फाटला, म्हणून लिहायला बसलो. मॉडेलसाठी प्लास्टरच्या इवल्या विटा पाडायचा सिलिकॉन साचा, १:३५ स्केलचा (म्हणजे खऱ्यापेक्षा पस्तीस पट लहान), चार रांगा, एका वेळी चाळीस विटा.

आधी मी तयार राडारोड्याची पुडी घ्यायचो. एक डायोरामा (छोट्या मॉडेल्सचा देखावा) झाला की पुडी संपली, आणि जवळून पाहिलं तर विटा नव्हेत, नुसती खडी. असे पैसे किती दिवस घालवायचे? शिवाय हिशोब करा. खऱ्या एकेरी भिंतीला चौरस मीटरमागे साधारण ६० विटा लागतात. मॉडेलमधली १० बाय १० सेंटिमीटरची भिंत म्हणजे प्रत्यक्षात सव्वाबारा चौरस मीटर, म्हणजे सातशेच्या वर विटा. आपण मात्र अख्खी भिंत पाडतो आणि खाली मूठभर विटा टाकतो. उरलेल्या काय चोरांनी नेल्या?

तर एका भिंतीसाठी अठरा वेळा प्लास्टर ओतायचं. इथेच सतरावी वीट आडवी येते. साच्यातल्या तिच्या घरात, म्हणजे खाचेत, सिलिकॉनचा एक बारीक कण चिकटून राहिलाय, त्यामुळे त्या विटेच्या कोपऱ्याला दर वेळी तोच अर्धचंद्र खड्डा पडतो. एका ढिगाऱ्यात एकाच जखमेच्या अठरा विटा! पाहुण्यांना दिसत नाही, मला दुसरं काही दिसत नाही. विक्रेत्याला फोटो पाठवला तर उत्तर आलं, "नैसर्गिक वाटावं म्हणून तसं ठेवलंय." एकदा असेल तर नैसर्गिक, अठरा वेळा असेल तर शिक्का. तेव्हा रागाने दोन तारे दिले होते.

ते आता मागे घेतो, कारण अर्धी चूक माझी होती. मी विटा अखंड वापरत होतो. पडलेल्या भिंतीत इतक्या विटा शाबूत राहतातच कुठे? आता फडक्यात गुंडाळून हातोडीने हलकेच ठोकतो आणि चाळतो. तुकडे, चुरा, धूळ, तिन्ही वेगळ्या डब्यांत. काही वाया जात नाही. मात्र रंगाची पूड कोरड्या प्लास्टरमध्येच मिसळा. वरून रंगवलेली वीट फुटली की आतून पांढरीफटक दिसते आणि सगळं सोंग उघडं पडतं. पूड बेतानेच घाला, जास्त झाली तर वीट बोटातच कुस्करते.

चिकटवायला पीव्हीए गोंद (लाकूडकामाचा पांढरा गोंद) आणि पाणी निम्मं-निम्मं, त्यात भांडी घासायच्या लिक्विड साबणाचा एक थेंब. ढीग आधी फवाऱ्याने ओला करा, नाहीतर गोंदाचा थेंब धुळीची गोळी होऊन वरच गडगडतो. वाळल्यावर रंग गडद होतो. मग वरून पुन्हा चिमूटभर कोरडी धूळ.

साचा फाटला तो माझ्या घाईने. प्लास्टर घट्ट होताना गरम होतं, ते निवेपर्यंत थांबायचं असतं. मी कोमट असतानाच साचा वाकवून विटा उपटल्या आणि घरांमधल्या पातळ भिंती गेल्या. तिसऱ्या-चौथ्या रांगेतली चौदा घरं बाद.

नवा साचा इतक्यात घेणार नाही. यातून अजून सव्वीस विटा निघतात. सतरावी धरून.